आनंददौडीचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्याकडं ऊन पडत नाही, ऊन मुक्कामाला येतं. बाडबिस्तरा घेऊन येतं, ओसरीत ठाण मांडतं आणि रांजणात पाणी किती उरलंय ते डोकावून बघतं. यंदाही आलंय. सकाळी आठलाच पत्र्याला हात लावता येत नाही, आणि दुपारी गल्लीतली कुत्री एकमेकांच्या सावलीसाठी भांडतात. मी सत्तरी ओलांडलेली बाई. माझं बोलणं सोळा आण्यांचं असलं तर त्यातले चार आणे पदरचे असतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण उन्हाबद्दल सांगताना मी पदरचं काही घालत नाही. उलट थोडं कमीच सांगते, नाहीतर लोकांना खरं वाटत नाही.

या उन्हाच्या तोंडावरच माझ्या नातीनं, प्राचीनं, घरातल्या पाचही माणसांची नावं धाराशिवातल्या एका दौडीत घातली. आजारी लेकरांच्या मदतीसाठी अख्ख्या कुटुंबानं मिळून पळायचं. सकाळी सहाला मैदानावर गेलो तर अर्धं शहर पिवळे सदरे घालून उभं. मलाही एक दिला. नऊवारीवर पिवळा सदरा आणि छातीवर नंबर, अशी मी उभी राहिले. प्रदर्शनात पहिला नंबर आलेल्या म्हशीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"आजी, तू नुसतं चाल," प्राची म्हणाली. "दमलीस की बसून घे. तुला कुठं सवय असणार असल्या गोष्टींची."

मी गप्प बसले. म्हातारी माणसं गप्प बसली की पोरांना वाटतं, यांना माहीत नाही. मला माहीत आहे. मी पळालेली आहे. सगळ्या कुटुंबाबरोबर, मदतीसाठीच, आणि अशी पळाले होते की माझी सावली अणदूरच्या रस्त्यावर मागं राहिली, तिची अजून गाठ पडलेली नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आम्ही तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात खरा चाखला. मी तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. माहेर सास्तूरचं, सासर अणदूरपासून तीन मैलांवरचं. आमच्या गावची विहीर तेव्हा इतकी खोल गेली होती की सकाळी सोडलेली बादली दुपारी वर यायची, आणि तिच्यात पाण्याऐवजी पाताळातल्या लोकांची चिठ्ठी असायची, की बाबांनो, आमच्याकडंही नाही. खायला रेशनवरचा लाल मिलो मिळायचा, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापली की भाकरी वाटायची नाही, वीट वाटायची; आणि चावताना तर शंकाच उरायची नाही. कामाला आम्ही सगळे खडीवर. मोठ्या दगडांना सुरुंग लावायचे, फुटलेले तुकडे हातोडीनं बारीक करायचे, घमेल्यात भरून रस्त्याकडंला ओतायचे. जमिनीत पेरायला काही नव्हतं, म्हणून आख्खा जिल्हा दगड पिकवत होता.

आमचे मालक त्यातल्या त्यात पांढरपेशे. गावच्या दूध सोसायटीत ते टेस्टर होते. दुधातला फॅट तपासायचा, कॅन भरून गाडीवर चढवायचे, हे काम. पण त्या वर्षी दूधच नव्हतं. तरी हे रोज पहाटे सोसायटीचं दार उघडायचे, टेबल पुसायचे, काचेच्या नळ्या ओळीनं मांडायचे आणि बसायचे. एका कॅनमध्ये चिमणीनं घरटं केलं होतं. कुणी विचारलं, "आज किती दूध?" तर म्हणायचे, "चिमणीला विचारा." एकदा कंटाळून त्यांनी विहिरीच्या पाण्याचाच फॅट काढून बघितला. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "माती लागली साडेचार." मी हसले. 

सगळ्या गावात तेव्हा दूध द्यायच्या बेतात असलेली एकच गाय होती, आणि ती माझी होती. माझीच म्हणते, कारण मैना माझ्याबरोबर सास्तूरहून आंदण म्हणून आली होती, तेव्हा कालवड होती. पहिल्यांदाच गाभण राहिली होती, आणि तीही असल्या वर्षी. ती बांधलेली असायची गावाबाहेरच्या माळावर, सोसायटीनं घातलेल्या छावणीत. बरगड्या अशा की लांबून मोजाव्यात, आणि पोट तेवढं पुढं आलेलं. मी खडीवरून सुटले की आधी तिच्याकडं जायची. तिच्या पोटावर हात ठेवला की आतून वासरू पाय मारायचं. आपल्याला कुठल्या वर्षात जन्माला घालतायत, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी छावणीतला चारा संपला. संपणार संपणार म्हणत होते, ते खरंच झालं. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, त्यांनी मैनेची कास चाचपली आणि म्हणाले, "आठवडा लागंल. एखांदा दिवस अलीकडं-पलीकडं." त्यांनी पुढचं बोलायची गरज नव्हती. येत्या शनिवारी बाजार होता. दारातलं जनावर उपाशी मरू द्यायचं नाही, त्याआधी ते दुसऱ्याच्या हवाली करायचं, मग तो कोणीही असो, ही आमच्याकडची रीत. आणि त्या वर्षी बाजारात जनावर घ्यायला येणारे बहुतेक सुरीवालेच होते.

त्याच दिवशी तालुक्याहून नवे साहेब आले. कोवळे होते, मिशीसुद्धा नीट रुजू झालेली नव्हती. छावणीत सगळ्यांना जमवून त्यांनी सांगितलं की पश्चिमेकडच्या बागायती भागातल्या एका साखर कारखान्याचे सभासद चारा द्यायला तयार आहेत. चारा म्हणजे वाढं, उसाचे हिरवे शेंडे. पण त्यांनी शहरातल्यासारखी एक कल्पना काढली आहे. सोमवारी सकाळी इथल्या कुटुंबांनी मिळून इथून अणदूरच्या खंडोबाच्या देवळापर्यंत पळत यायचं. जितकी माणसं पोचतील, तितक्या मोळ्या त्या घराच्या जनावराला. ट्रक देवळापाशी उभा असेल.

मामंजी पुढं झाले. त्यांचा एक गुडघा अधू होता, पण आवाज दोन गुडघ्यांचा होता.

"पळायचं म्हंजे, कुनाच्या मागं?"

"कुणाच्या मागं नाही, बाबा."

"मंग आमच्या मागं कोन लागनार हाय?"

"कुणीच नाही."

मामंजींनी जरा विचार केला. "मंग साहेब, मानूस पळल कशाला?"

"आनंदासाठी," साहेब म्हणाले. "आनंददौड म्हणतात तिला."

 गावात आनंदा नावाचा एक माणूस होता, तोही पोट भरायला सोलापूरला गेला होता.

पण मोळ्यांचा हिशेब सगळ्यांना कळला. आमच्या घरात माणसं पाच. मामंजी, सासूबाई म्हणजे आमच्या आत्याबाई, आमचे मालक, नणंद शांता, आणि मी. एका मोळीवर गाय एक दिवस तगते. म्हणजे पाच मोळ्यांवर मंगळवार ते शनिवार. शनिवारचा बाजार टळला की पुढचा बाजार आठ दिवसांनी, आणि तोवर मैना व्यालेली असेल. व्यालेली गाय कोणी बाजाराला नेत नाही, आणि वासराला पाजायला मग कुठून ना कुठून तरी पाचोळा मिळतोच. मी ते पाच दिवस बोटांवर इतक्यांदा मोजले की बोटं झिजली. शांता म्हणाली, "वैनी, मोजून वाढत न्हाईत ते."

धाराशिवच्या त्या मैदानावर परवा दौड सुरू करायला कुणीतरी मोठा फुगा फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र दचकून डोक्यावर हात घेतला, आणि प्राचीला वाटलं मला चक्कर आली. तिला काय सांगणार. आमची दौड कशी सुरू झाली ते सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, आजी, फेकू नकोस.

सोमवारी सकाळी आठला तीनशे माणूस माळावर उभं होतं. प्रत्येकाच्या हातात घमेलं. सरकारी साहेबानं बोलावलंय म्हणजे घमेलं लागणारच, असा सगळ्यांचा समज. काही बायका तर हातोड्याही घेऊन आल्या होत्या. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. म्हणाले, बरोबर नऊला ट्रक निघेल, पुढच्या गावच्या छावणीला उरलेलं वाढं द्यायचंय, तेव्हा नऊच्या आत पोचायचं. सगळ्यांनी स्वतःच्या पायांनी यायचं, गाडीत बसून नाही. मग त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात फुंकली.

तीनशे माणूस एका क्षणात जमिनीवर पालथं पडलं.

खडीवर शिट्टी झाली म्हणजे सुरुंग उडणार. शिट्टी ऐकली की जिथं असाल तिथं आडवं व्हायचं आणि घमेलं डोक्यावर घ्यायचं, हे आठ महिन्यांत आमच्या हाडात भिनलं होतं. मीही पडले. नाकात माती गेली. डोक्यावर घमेलं, घमेल्यावर ऊन, आणि सगळ्या माळावर चिडीचूप. साहेबांना वाटलं, उपासमारीनं आख्खं गाव एकदम गेलं. ते जीपकडं पळाले, ओरडायला लागले, "डॉक्टरला आणा, कुणीतरी डॉक्टरला आणा रे."

मामंजींनी घमेलं जरासं वर केलं. "साहेब, किती येळानं उडतंय?"

"काय उडतंय?"

"सुरुंग."

साहेबांनी कपाळ धरलं. सगळं समजून, उठून, घमेली बाजूला ठेवून आम्ही रस्त्याला लागेपर्यंत दहा मिनिटं गेली. घड्याळ शिट्टीबरोबरच सुरू झालं होतं.

पण खरी गोची पुढं होती. ती साहेबाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि आम्हाला माहीत असूनही कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण सासऱ्यांबरोबर पळायचा प्रसंग आमच्या सात पिढ्यांत कुणावर आला नव्हता. आमच्यात सून सासऱ्याच्या पुढं चालत नाही. सासऱ्याला पाठ दाखवायची नाही. लेकही बापाच्या पुढं जात नाही, तो त्याचा लिहाज. रस्त्यानं निघालं की म्हातारे पुढं, मग लेक, मग सासवा, मग डोक्यावर पदर घेतलेल्या आम्ही. असंच शेतात जायचो, असंच जत्रेला, असंच मयताला. त्या दिवशीही तसंच निघालो. सगळ्यांच्या पुढं वीस-पंचवीस म्हातारे, हातात काठ्या, डोक्याला पटके, धीम्या पावलांनी, कारण ते गावचे कर्ते होते आणि कर्ता माणूस पळत नाही. त्यांच्यामागं पावणेतीनशे माणूस पाय बांधल्यासारखं. मुंगीनं आम्हाला गाठलं, मागं टाकलं, आणि जाताना वळून बघितलं.

साहेब जीपमधून येऊन ओरडायचे, "पळा, अहो पळा." म्हातारे मान हलवायचे आणि त्याच चालीनं चालायचे. मामंजींचा गुडघा सुजला होता. प्रत्येक पावलाला काठी टेकायची, मग पाय, मग परत काठी. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. बंडीवर घामाचा नकाशा पडला होता. मैल झाला तेव्हा जीपवाल्यानं सांगितलं, साडेआठ होऊन गेले. अजून दोन मैल होते. मला डोळ्यांपुढं ट्रक दिसत होता, त्याच्या फळ्या वर करून लावतायत, ड्रायव्हर विडी टाकतोय.

"आत्याबाई," मी सासूबाईंच्या कानाशी म्हणाले, "म्होरं जाऊ का?"

"कुनाच्या?"

मी पदर दातांत धरला.

"सासऱ्याला पाठ दावनार हायस व्हय?" त्या पुढं बघतच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, आवाज खाली करून, "माज्याबी मनात तेच चाललंय, सोजर. पर न्हाय जमत."

तेव्हा मला रडू आलं. भुकेनं नाही आलं कधी, दगडाखाली बोट चेचलं तेव्हाही नाही. पण समोर मोकळा रस्ता, पायात वीस वर्षांचा जोर, आणि तरी पाऊल उचलता येत नाही, यानं आलं. रस्ता अडवायला भिंत लागते असं थोडंच आहे. म्हाताऱ्या माणसाची घामेजलेली पाठ पुरते.

धाराशिवला परवा मी अशीच पुढं चालत होते आणि मागून माझी सून आली, प्राची आली. प्राचीनं माझ्या गालाला हात लावला आणि "आजी, ये सावकाश" म्हणून पुढं पळून गेली. तिची वेणी पाठीवर उड्या मारत होती. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. रस्त्याच्या कडंला पोरं पाण्याच्या बाटल्या वाटत होती. लोक दोन घोट घेऊन बाटली फेकून देत होते. मी एक उचलली, झाकण लावलं, पिशवीत टाकली. दुसरी उचलली. सूनबाई म्हणाली, "अहो आई, उष्टी आहे ती." पाणी कधी उष्टं होतं का गं, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

तर, अणदूरचा रस्ता. दुसरा मैल सुरू झाला तिथं एक वाळून कोळ झालेली बाभळ होती. तिच्यापाशी मामंजी थांबले. मला वाटलं गुडघा गेला. त्यांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं. सगळ्यांकडं नाही, माझ्याकडं. मी पदर तोंडावर ओढला, पण डोळे त्यांना दिसले असावेत. मग ते रस्त्याच्या खाली उतरले, काठी आडवी टाकली आणि बांधावर बसले. आमच्याकडं पाठ करून. तोंड समोरच्या फुटलेल्या वावराकडं. पटक्याचा शेव डोळ्यांवर ओढून घेतला.

"मी काई बघत न्हाय," ते वावराला सांगितल्यासारखं म्हणाले. "ज्याला जायचं त्यानं जावं."

सगळे उभे राहिले. त्यांच्या मागचे तात्या म्हणजे मामंजींचे चुलतभाऊ. तात्या एरवी गावातले सगळ्यात तोऱ्याचे गृहस्थ. पंगतीत पहिला पाट मिळाला नाही म्हणून दोन लग्नं सोडून उठलेले. ते मामंजींकडं बघत राहिले. मग खाकरले, खाली उतरले आणि शेजारी बसले, तसेच पाठ करून. मग तिसरे. मग एकेक करत सगळेच. पंचवीस म्हातारे बांधावर ओळीनं, रस्त्याकडं पाठ, तोंडं रिकाम्या वावरांकडं, आणि सगळ्यांचे पटके डोळ्यांवर. प्रत्येक म्हातारा खाली बसला म्हणजे त्या घराची एक मोळी गेली. हे त्यांना कळत होतं. ते हिशेब करूनच बसले होते.

तात्यांना राहवेना. त्यांनी मान थोडी वळवली. त्यांची धाकटी सून, लग्न होऊन सहा महिने झालेली, जिचा आवाज तोवर गावानं ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मामंजी, मान वळवा." तात्यांनी झटक्यात मान वळवली.

आणि आम्ही पळालो.

कासोटे खोचले, वहाणा हातात घेतल्या. डोक्यावरचा पदर कधी पडला कुणाला कळलं नाही. धुळीचा लोट असा उठला की तुळजापूरच्या लोकांना वाटलं पाऊस आला. आत्याबाई, ज्या चालतानाही जमिनीला लागू नये म्हणून जपून पाय टाकायच्या, त्या माझ्या पुढं गेल्या. शांता तर उडतच होती. मालक माझ्या बाजूनं पळत होते, आणि पळता पळता माझ्याकडं बघून हसले. दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत. पोटात दोन दिवसांची मिलोची वीट, जीभ टाळूला चिकटलेली, छातीत भाता, आणि मला हसू येत होतं. आवरत नव्हतं. साहेब म्हणाला तो आनंद हाच असेल तर मग फार लाजिरवाणी चीज आहे, असं मला वाटलं. मागं एक म्हातारा डोळे झाकून बसलेला असताना तो येतो. मी हसत होते आणि रडतही होते, आणि दोन्हींचं पाणी वाऱ्यानं वाळत होतं.

देवळापाशी पोचलो तेव्हा नवाला थोडं कमी होतं. ट्रक उभा होता. आणि वास आला. हिरवा वास. आठ महिन्यांत हिरव्याचा वास कुणी घेतला नव्हता. माणसं ट्रकच्या भोवती नुसती उभी राहिली, काही मागत नव्हती, श्वास घेत होती. पोचलेल्या प्रत्येकाच्या तळहाताला एक कारकून निळी शाई लावायचा आणि एक मोळी द्यायचा. आम्हाला चार मोळ्या मिळाल्या. शांतानं एका वाढ्याचं बुडखं दातांनी सोललं आणि चोखलं. तिथं थोडीशी गोडी असते. आत्याबाईंनी इकडंतिकडं बघून एक पातं तोंडात टाकलं आणि गाईसारखं हळूहळू चावलं.

नवाला ट्रक गेला.

म्हातारे आले अकराच्या सुमाराला. तीन मैल पुरे करूनच आले. मामंजी सगळ्यांत शेवटी. कारकून दौत बंद करून निघाला होता, साहेब जीपशी उभे होते. मामंजींनी कारकुनासमोर तळहात धरला.

"बाबा, ट्रक गेला," कारकून म्हणाला.

"व्हय, दिसलं मला. तुमी शाई लावा. आलोय न्हवं मी."

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी दौत स्वतः घेतली, उघडली, आणि मामंजींच्या हाताला शाई लावली. मग तोंड फिरवून जीपचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता.

वाढं चार दिवसांत सरलं. हाताची शाई आठ दिवस निघाली नाही; धुवायला पाणी कुठं होतं. चार मोळ्यांचे पाच दिवस करायचा मी फार घाट घातला. बारीक चिरून दिलं, आदल्या दिवसाचं थोडं लपवून ठेवलं, छपराचं कुजकं गवत त्यात मिसळलं. मैना गवत बाजूला सारायची आणि वाढं तेवढं वेचायची. शुक्रवारी संध्याकाळी ती बसली, ती उठताना दोनदा पडली. मामंजींनी परत तिची कास चाचपली. "अजून दोन दिस," म्हणाले. दोन दिवस. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. एक मोळी कमी पडली होती, आणि ती कुणाची होती ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती नसती सोडली तर बाकीच्या चारही मिळाल्या नसत्या, हेही ठाऊक होतं. घरात त्या रात्री कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळी मैनेला बाजाराला काढलं. मालक सोसायटीचं दार उघडायला गेले होते. त्यांच्यानं हे बघवणार नव्हतं. मामंजींनी दावं धरलं आणि चालू लागले. मैना हलेना. ओढलं तरी हलेना. लोकांच्या गाई असतात तशीच ती, ज्यानं लहानपणापासून चारलं त्याच्यामागं जाणारी.

मामंजी थांबले. दावं माझ्या हातात दिलं. "तू म्होरं हो," म्हणाले. "तुज्या मागं येती ती."

मग मी पुढं, मैना मध्ये, मामंजी मागं, असे आम्ही बाजारापर्यंत गेलो. सगळ्या वाटेत मी तिला एकदाही हाक मारली नाही. नुसती चालत राहिले, आणि ती येत राहिली. माझ्यावर भरवसा ठेवून येत राहिली.

कॅनॉलच्या भागातला एक माणूस गाय बघायला आला. सुरीवाला नव्हता, एवढंच मी पायांपासून डोक्यापर्यंत त्याला बघून ठरवून टाकलं. त्याच्या वहाणांना ओला चिखल लागलेला होता. त्या वर्षी ओला चिखल. त्यानं मामंजींना विचारलं, "कधी व्यायची?"

"हिला इचारा," मामंजी म्हणाले. "गाय हिची हाय."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "उद्या-परवा. पहिलटकरीन हाय. उजव्या अंगानं बसू द्या तिला, डाव्यानं बसली की तिला धाप लागती. आन् वाढं दिलं तर बुडखं आधी सोलून द्या." त्यानं मान हलवली. मला वाटतं त्यानं ऐकून घेतलं. असं मी तेव्हापासून समजत आले आहे.

जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं. मी ते सोडवून घेतलं, हाताला गुंडाळलं आणि घरची वाट धरली. ऊन रस्त्यावर वितळून पडलं होतं. बराच वेळ चालल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी पुढं आहे, आणि मागून मामंजींची काठी ऐकू येतेय. मी चटकन कडंला सरले, पदर सारखा केला आणि त्यांना पुढं जाऊ द्यायला थांबले.

तेही थांबले. मी जमिनीकडं बघत उभी. ते काही माझ्या पुढं येईनात.

"चल," मामंजी म्हणाले. "आता कुनापायी थांबतीस."